पूनमचा क

दुकानात शिरणारं गिऱ्हाईक आधी माझ्याकडे बघायचं, मग माझ्या मागच्या पडद्याकडे, आणि विचारायचं, "मेकॅनिक कुठे गेले?" मेकॅनिक मीच होते. नागपूरला इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली, लग्न होऊन वर्ध्याला आले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर स्टेशनपासून जवळच एका गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढची वीसेक वर्षं तेच केलं. संपादकांनी धंद्यातल्या गमती लिहायला सांगितल्या आहेत. गमती आहेत, नाही असं नाही. पण मी लिहायला बसले की मला एकच गोष्ट आठवते, आणि ती आठवली की अजून डोकं तापतं.

आधी धंद्याचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्या काळात सगळीकडे एकच शब्द होता, मल्टिमीडिया. म्हणजे काय, तर कॉम्प्युटरला एक साउंड कार्ड बसवायचं, सीडीचा ड्राइव्ह बसवायचा, दोन स्पीकर लावायचे. मग पडद्यावर चित्र हलतं, आवाज येतो. शाळांनी शिकवायच्या सीड्या घेतल्या, वकिलांनी कायद्याच्या, घरोघरी पोरांच्या गोष्टींच्या. चार-पाच वर्षं बरी गेली. मग जुने कॉम्प्युटर जाऊन नवे यायला लागले, आणि जुन्या सीड्या त्यांच्यावर चालेनात. हे लोकांना पटतच नसे. हिंगणघाटचे एक कापसाचे अडते कुंडलीची सीडी घेऊन माझ्यावर धावून आले होते. "मॅडम, नवीन गाडी घेतली तं जुन्या रस्त्यावर चालत नाई का?"

त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगते. प्रोग्राम लिहिणारा माणूस त्याच्या समोर जे मशीन असतं ते धरून चालतो. अमुक इतके रंग, अमुक साउंड कार्ड, इतकी जागा. पुढे मशीन दहापट मोठं झालं की जुना प्रोग्राम गोंधळतो. डिस्कवर जागा इतकी जास्त असते की त्याला ती मोजताच येत नाही, आणि मोजता येत नाही म्हणून तो सांगतो, जागा अपुरी आहे! मग आपण त्याला फसवायचं. नव्या मशीनमध्ये एक लहानसा कप्पा करायचा, रंग कमी करायचे, जुनी विंडोज टाकायची, आणि तू तुझ्याच जुन्या घरात आहेस असं त्याला भासवायचं. मला हे काम फार आवडायचं. वर्ध्यात ते माझ्याइतकं चांगलं कुणाला जमत नव्हतं, हे मी आज लाज न बाळगता लिहिते. पुढे लाज वाटायच्या गोष्टी आहेतच.

पिपरी मेघेच्या बाजूला तेव्हा ऐकू न येणाऱ्या मुलांची एक शाळा होती. नाव सांगत नाही. तिथे भोयर बाई मुलांना बोलायला शिकवायच्या. ठेंगण्या, आवाज खणखणीत, आणि बोलताना समोरच्याचा हात धरायची सवय. पुण्याच्या एका छोट्या कंपनीने केलेला वाचा शिकवायचा प्रोग्राम कुणा दात्याने शाळेला घेऊन दिला होता. तो बसवायला मी गेले होते, तेव्हापासून आमची ओळख.

प्रोग्राम साधा होता. मूल माइकमध्ये आवाज काढतं, आणि पडद्यावर फुगा वर जातो. आवाज थांबला की फुगा खाली येतो. हे झालं पहिलं पाऊल. पुढे प्रत्येक अक्षराचं वेगळं चित्र होतं. बरोबर उच्चार झाला की चित्रातलं हरीण उडी मारायचं. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्याला तो डोळ्यांनी दिसायचा. इतकंच. पण ज्या मुलांना आपल्या तोंडातून काही निघतं हेच ठाऊक नव्हतं, त्यांच्यासाठी ते किती होतं हे मी तिथे बसून पाहिलं आहे.

त्या मुलांमध्ये हिंगणीची पूनम होती. सहा-सात वर्षांची. आई बाळंतपणात गेलेली, बाप ट्रकवर, आणि पोरीला काकूनेच वाढवलेली. ही काकू रोज सकाळी तिला घेऊन एसटीने वर्ध्याला यायची, शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात बसून राहायची आणि परत न्यायची. मला म्हणाली होती, "घरी बसून तरी काय करू? इथं थोडं मलेही समजते, कसं शिकवतेत ते."

पूनम स्वतःचं नाव म्हणायला पटकन शिकली, कारण प आणि म ओठांवर दिसतात. क दिसत नाही. तो आत घशाजवळ होतो, तोंडाकडे बघून काही उमगत नाही. त्यामुळे तिला पूनम म्हणता यायचं, पण काकू म्हणता येत नव्हतं. ती "आऊ" म्हणायची. भोयर बाई तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवायच्या, मग तिच्या गळ्यावर, मग पडद्याकडे बोट. त्या पावसाळ्यात एकदा मी माउस बदलायला गेले असताना क चं हरीण पहिल्यांदा उडालं. पूनमने मागे वळून दाराकडे पाहिलं, काकू बघते आहे का म्हणून. दिवाळीपर्यंत दहातले तीन-चार क बरोबर यायला लागले होते.

दिवाळीनंतर शाळेत नवे कॉम्प्युटर आले. कुठल्याशा योजनेतून, दोन, प्लास्टिकच्या टोप्या घातलेले. भोयर बाई तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला अमरावतीला गेल्या होत्या. पंधरा दिवसांनी परतल्या तर जुना कॉम्प्युटर जागेवर नाही. मुख्याध्यापक म्हणाले, नेला, शाळांचं सामान पाहणाऱ्या जिल्हा कार्यालयातून गाडी आली होती. बाईंनी कपाटातून सीडी काढली, नव्या कॉम्प्युटरमध्ये घातली आणि मला फोन केला.

"उषाताई, हे म्हणते जागा नाई. एवढ्या मोठ्या मशीनमध्ये जागा कशी नाई?"

मी हसले. म्हटलं, येते, अर्ध्या तासाचं काम आहे.

अर्ध्या तासात जागेचा प्रश्न सुटला. रंग कमी केले, तो प्रश्न सुटला. प्रोग्राम सुरू झाला, फुग्याचं चित्र आलं आणि वर पाटी आली: लॉक सापडत नाही. लॉक म्हणजे काडेपेटीएवढा प्लास्टिकचा तुकडा. प्रिंटरची वायर जिथे लागते तिथे तो मागून खोचलेला असतो, आणि तो असल्याशिवाय प्रोग्राम चालत नाही. सीडीची कुणी नक्कल करू नये म्हणून कंपन्या तो देत. मीच तो खोचला होता, दोन्ही स्क्रू आवळून. जुना कॉम्प्युटर गेला तो लॉकसकट.

"पण तो नेला कशाला? चालू होता ना?" मी विचारलं.

भोयर बाईंनी टेबलाच्या खणातून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. निर्लेखनाची यादी, म्हणजे कुठलं सामान बाद ठरवून भंगारात काढायचं त्याची. शाळेचं नाव, कॉम्प्युटरचा नंबर, त्यापुढे शेरा: 'दुरुस्तीपलीकडे'. खाली तंत्रज्ञाची सही.

"ही तुमचीच आहे ना?" बाई म्हणाल्या. त्यांनी या वेळी माझा हात धरला नाही.

माझीच होती. त्या कार्यालयाच्या कॉम्प्युटरांच्या देखभालीचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. दिवाळीच्या आधी त्यांचा शिपाई यादी घेऊन दुकानात आला होता. "मॅडम, सायबांनं सही मागतली, जेवणाच्या सुट्टीच्या आत पाह्यजे." चाळीसेक मशीन होती, जिल्हाभरातली. ती पाहायला गेले असते तर आठ दिवस लागले असते. मी एका हातात सोल्डरिंगची गन धरून दुसऱ्या हाताने सही केली. वाचलंसुद्धा नाही. नवं सामान मिळायचं तर जुनं बाद दाखवावं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळेच अशा सह्या करायचे. मला हे वाक्य लिहिताना स्वतःचा जितका राग येतो तितका त्या साहेबाचाही येत नाही.

पुण्याच्या कंपनीला फोन लावला. नंबर दुसऱ्याच कुणाच्या घरी लागत होता. पत्र पाठवलं, ते परत आलं. कंपनी केव्हाच बंद झाली होती. म्हणजे जगात आमच्यासाठी तो एकच तुकडा होता, आणि तो भंगारात गेला होता.

मालधक्क्याच्या मागे शंभूभाऊंचं भंगाराचं आवार होतं. कार्यालयाचा लिलाव त्यांनीच घेतला होता. मी गेले तेव्हा मशीन फोडून झाली होती. पत्रा वेगळा, तांबं वेगळं, आतले सर्किटचे हिरवे पत्रे पोत्यात भरून नागपूरला रवाना.

"माणूस हरवला का काय, मॅडम? असा चेहरा करून आल्या," शंभूभाऊ म्हणाले.

मी लॉकचं वर्णन केलं. ते म्हणाले, "असं प्लास्टिक आम्ही कायले ठेवू? ते पहा तिकडे, फेकाच्या ढिगात."

तो ढीग मी आठ दिवस उपसला. सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन तास, दुपारी एक. वायरींचे तुकडे, बटणं, पंखे, उंदराच्या लेंड्या. शंभूभाऊंच्या बायकोने मला बसायला पाट दिला आणि तिसऱ्या दिवसापासून तीही शोधायला बसली. ती कुणासाठी शोधते आहे ते तिला ठाऊक होतं, कारण मी सांगितलं होतं. आठव्या दिवशी तिनेच ते उचललं. "हे तं नाई?" तेच होतं. एक पिन वाकलेली. मी चिमट्याने सरळ केली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही, आणि त्याचाही दोष निम्मा माझाच.

नव्या मशीनमध्ये मी छोट्या कप्प्यात जुनी विंडोज टाकली, प्रिंटरच्या पोर्टची सेटिंग बदलली, लॉक खोचलं. प्रोग्राम सुरू झाला. भोयर बाईंनी माइकमध्ये "आ" केला. फुगा वर गेला, पण अर्धा सेकंद उशिरा. बाईंनी आवाज थांबवला, फुगा तरंगतच राहिला आणि मग खाली आला. बाईंनी मान हलवली.

"असं नाई चालत, ताई. तोंड मिटल्यावर फुगा उडाला तर मुलाला वाटेल, तोंड मिटल्यानेच उडतो."

नव्या मशीनमध्ये आवाजाचं सर्किट मुख्य पत्र्यावरच, म्हणजे मदरबोर्डवरच, बसवलेलं होतं आणि त्याचं जुन्या विंडोजशी जमत नव्हतं. उपाय मला तिथल्या तिथे दिसला. आत एक वेगळं साउंड कार्ड बसवायचं. दुकानात तसं कार्ड पडलेलं होतं. दहा मिनिटांचं काम. पण कॅबिनेटच्या स्क्रूवर हमीचं सील होतं, कागदी, चांदीच्या रंगाचं. ते फाटलं की पुरवठादाराची हमी संपते, आणि मशीन कार्यालयाच्या मालकीचं.

मी नियमाने जायचं ठरवलं. तेव्हा मला ते शहाणपण वाटलं. खरं म्हणजे देखभालीचं काम हातचं जाईल अशी भीती होती. अर्ज केला. उत्तर नाही. दुसरा केला. महिन्याने पुरवठादाराचा इंजिनिअर येऊन पाहून गेला आणि लिहून गेला की संच सुस्थितीत आहे. मी साहेबांना भेटले. ते म्हणाले, "मॅडम, जुनं सॉफ्टवेअर सोडा आता. नवीन काहीतरी घ्या." नवीन म्हणजे कुठलं, मराठीतलं आहे का, कोण देणार, यातलं काहीही त्यांना माहीत नव्हतं. तिसऱ्या अर्जाला उत्तर आलं: 'संच हमी कालावधीत असल्याने उघडण्याची परवानगी देता येत नाही.' मी तो कागद फायलीत लावला. लावून पुढच्या दुरुस्तीला लागले. असे अडीच महिने गेले.

मार्चच्या शेवटी दुसऱ्याच कामासाठी शाळेत गेले. व्हरांड्यात काकू दिसली नाही.

"पूनम आजारी आहे का?" मी विचारलं.

"सोडली तिनं शाळा," भोयर बाई म्हणाल्या. "आलेला क गेला. मी गळ्यावर हात ठेवून करून घेत होते, पण तिला ते पुरत नव्हतं. ती रोज येऊन त्या बंद पडद्यासमोर उभी राहायची. मी काय सांगू तिला? हातवाऱ्यांनी सांगितलं, बिघडलं आहे. मग काकू म्हणाली, रोजचं एसटीचं जाणंयेणं कायसाठी, घरीच राहू दे."

मी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला. सील फाडलं. नखाने सोललं नाही, सरळ मधून फाडलं. बाई दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, कुणी आलं तर म्हणून, पण मला आता कुणी आलं तरी हवंच होतं. दुकानातून कार्ड आणलं, बसवलं, मशीन सुरू केलं. बाईंनी "आ" केला. फुगा त्यांच्या आवाजाबरोबर उचलला गेला आणि आवाज थांबताच पडला. कार्ड बसवायला दहा मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

चार दिवसांनी साहेबांनी बोलावलं. टेबलावर फाटक्या सीलचा फोटो होता, पुरवठादाराच्या इंजिनिअरने तपासणीला येऊन काढलेला. इंजिनिअर खुर्चीत बसला होता, मला उभं ठेवलं होतं.

"कोणाच्या परवानगीनं उघडलं?"

"कोणाच्याच नाही."

"हे शासकीय मालमत्तेचं नुकसान आहे, कळतं का?"

मी म्हटलं, "साहेब, चालू मशीन मी न पाहता बाद ठरवलं, तेव्हा नुकसान झालं. त्या यादीवर माझ्या सहीखाली तुमची सही आहे. तेव्हा आपल्या दोघांना कुणी बोलावलं नाही. आता बंद पडलेलं मी चालू केलं, तर नोटीस."

"आवाज खाली ठेवा."

"नाही ठेवत."

बाहेरचे कारकून दारात जमले होते. मी त्यांच्यासमोर सगळं सांगितलं. भंगाराचा ढीग, अर्ज, पूनम, सगळं. साहेब फाइल चाळत राहिले. एकदाही वर पाहिलं नाही. त्या आठवड्यात माझं देखभालीचं काम गेलं आणि लेखी ताकीद मिळाली. या सगळ्या प्रकरणात ताकीद मिळालेली मी एकटीच.

रविवारी मी हिंगणीला गेले. बोर धरणाकडच्या एसटीने. घर विचारत विचारत सापडलं. काकू अंगणात डाळ पाखडत होती. मला पाहून सूप खाली ठेवलं, उठली नाही.

"पूनमचं मशीन चालू झालं," मी म्हटलं. "फुगा, हरीण, सगळं."

"आता झालं?" ती म्हणाली. "पाच महिन्यानं? मी रोज येऊन बसत होतो तिथं. बाई म्हणत, आज होईल, उद्या होईल. पोट्टी घरी येऊन कोनट्यात बसे. आता तं तोंडच उघडत नाई ते. पाणी पाह्यजे तं बोट दाखवते."

मग मी ते सांगितलं, जे सांगायला आले होते. जुना कॉम्प्युटर माझ्या सहीने गेला. मी पाहिला नव्हता. आणि जे सील फाडून मशीन चालू करायला दहा मिनिटंही लागली नाहीत, ते मी अडीच महिने फाडलं नाही, कारण माझं काम जाईल म्हणून घाबरले.

काकूने सूप पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाली, "तुमाले लिवता-वाचता येते, बाई. मले येत नाई. मी असतो तं सही केली नसती. इचारलं असतं, काय लिवलं हाय म्हणून."

पूनम घरातून बाहेर आली. माझ्याकडे पाहून तिने हाताने माइक धरल्यासारखं केलं आणि भुवया उंचावल्या. मी मान हलवून हो म्हटलं. ती आत पळाली आणि दप्तर घेऊन आली. रविवार होता. काकूने तिला जवळ ओढलं, दप्तर काढून ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्याच्या गाडीनं आणतो. पण तुमी तिथं राह्यजा."

मी राहिले. दुकान बंद ठेवून आठ दिवस राहिले. पहिल्या दिवशी पूनमचा फुगाच वर गेला नाही, ती ओठ घट्ट मिटून नुसती बघत बसली. पुढे फुगा गेला. हरीण उडायला दुसरी दिवाळी उजाडली. भोयर बाईंचं म्हणणं होतं की त्या वयात गेलेले पाच महिने नंतरच्या पाच महिन्यांनी भरून निघत नाहीत. त्या मला बोल लावण्यासाठी तसं म्हणाल्या नव्हत्या. जे होतं ते सांगितलं.

पूनम आता मोठी झाली आहे. हिंगणीतच शिवणकाम करते. गिऱ्हाइकांशी हातांनी आणि वहीवर लिहून बोलते, त्यात ती माझ्यापेक्षा भराभर आहे. आवाज फक्त घरात काढते. मागच्या उन्हाळ्यात ब्लाउज शिवायला टाकायच्या निमित्ताने गेले होते. माप घेता घेता तिने आत वळून हाक मारली, "काकू." स्वच्छ ऐकू आलं. काकू आतून "आली व" म्हणत बाहेर आलीही. पहिला क किंचित घशात अडकला होता, दुसरा नीट आला. त्या घरात तो अडकलेला क कुणालाच जाणवत नाही. मला दर वेळी जाणवतो.